बिगुलाला बटणं नसतात

बिगुलावर पाचच सूर वाजवतात. सा, प, वरचा सा, वरचा ग आणि वरचा प. ट्रंपेटसारखी बटणं नसल्यामुळे रे, म, ध, नी मागायला कुठे जायची सोय नाही. नळीची लांबी ठरलेली, बाकी सगळं ओठ आणि हवा. फौजेत सकाळी उठवण्यापासून मेलेल्याला निरोप देण्यापर्यंतचे इशारे एवढ्याच सुरांत बसवलेले असतात. हे आम्हाला आठवीत बँडच्या सरांनी सांगितलं, आणि त्याच दमात विचारलं, "आता मला सांगा, सूरसागरजवळचं म्युझिक कॉलेज कुणी काढलं?"

सरांचं हे असंच चालायचं. आमची शाळा बडोद्यातली, मराठी माध्यमाची. वर्गात मराठी, मैदानावर गुजराती. बँडचा तास आठवड्यातून दोनदा, शेवटचा. सहा बिगुल, चार साइड ड्रम, एक मोठा ढोल, झांजांची एक जोडी आणि बासऱ्या, ज्यांची संख्या दरवर्षी कमी व्हायची. सर आधी मिनिटाला 120 पावलं या लयीत आम्हाला जागच्या जागी चालायला लावायचे, मग राष्ट्रगीत 52 सेकंदांत बसतंय का ते घड्याळावर बघायचे. आणि या दोन्हीच्या मध्ये इतिहास. इतिहासाच्या तासाला मला शिवाजी महाराज ते सविनय कायदेभंग सगळं मिळालं. मी राहतो ते गाव बँडच्या तासाला मिळालं.

त्यांचा लाडका माणूस मौलाबक्ष. सयाजीराव गायकवाडांनी 1886 साली बडोद्यात गायनशाळा काढली ती या उस्तादांच्या हाताखाली. पुढे तीच शाळा म. स. विद्यापीठात गेली. मौलाबक्ष उत्तरेतले, पण दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीतही शिकलेले. त्यांनी गाणं कागदावर लिहायची स्वतःची पद्धत बसवली आणि तिच्यात पाठ्यपुस्तकं काढली. तेव्हा भातखंडे मुंबईत पंचविशीत होते आणि पलुसकर चौदाएक वर्षांचे. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच, 1916 साली. सर हे असं सांगायचे, जणू पुण्या-मुंबईने आमच्याकडून काहीतरी उसनं नेलंय आणि परत करायचं राहिलंय. बडोद्याच्या मराठी माणसाला हा आजार असतोच, मलाही आहे.

मौलाबक्षांच्या एका मुलाला, अलाउद्दीन खाँना, सयाजीरावांनी पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनला पाठवलं होतं. नातू इनायत खाँ 1882 साली बडोद्यात जन्मले, 1910 मध्ये अमेरिकेला गेले आणि तिकडे सूफी गुरू म्हणून नावाजले. त्यांची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्तहेर होती, फ्रान्समधून वायरलेसवर संदेश पाठवायची. नाझींनी तिला 1944 साली डाखाऊच्या छळछावणीत मारलं. आठवीतल्या पोरांना यातलं फक्त गुप्तहेर आवडलं. सरांना ते चाललं. "निदान एवढं तरी लक्षात ठेवा की तिचं मूळ आपल्या गावात आहे," म्हणाले.

सरांना मौलाबक्ष एवढे का लागतात, ते मला बरंच उशिरा कळलं. सरांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सोनेरी झालरीचा लाल कोट, डोक्यावर तुरा, आणि वरातीच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका. वडिलांना सारेगम लिहिता येत नव्हतं. सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात दोनदा जायचं आणि गाणं कानात घालून आणायचं. रेडिओवर चाल एकदा चुकली तर दुसऱ्यांदा लागेपर्यंत थांबायचं. सर म्हणायचे, "माझ्या बापाला लोक बँडवाला म्हणायचे, उस्ताद कुणीच म्हणालं नाही. कारण काय, तर तो रस्त्यावर उभा राहून वाजवायचा."

म्हणून सर स्वतः लिहायला शिकले. आधी सारेगम, मग पाच रेघांचं स्टाफ नोटेशन. रविवारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसायचे, जिथे लोखंडी कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वही एकच. तिच्यात एका पानावर साइड ड्रमचा पाठ, उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, आणि समोरच्या पानावर गायकवाडी दरबारातल्या कलावंत खात्याची टिपणं. गवयांचं वेगळं सरकारी खातं होतं, नियमांसकट, याचं त्यांना फार कौतुक. मला ते ऐकून माझ्या ऑफिसचं एचआर आठवतं आणि गवयांची दया येते.

सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत शाळेने बँड बंद केला. पटसंख्या घसरत होती, नवीन शिक्षकाचं पद मंजूर होत नव्हतं. 26 जानेवारीला आता स्पीकर लावतात. कारणं सगळी खरी आहेत आणि तरी मला ती पटत नाहीत. स्पीकरवर राष्ट्रगीत बरोबर 52 सेकंदांत होतं, कुणालाही घड्याळ बघावं लागत नाही. वाद्यं स्टोअररूममध्ये आहेत. सरांनी दोनदा पत्र लिहून मागितली, विकत घ्यायचीही तयारी दाखवली. ती डेडस्टॉक रजिस्टरवर असल्यामुळे देता येत नाहीत, असं उत्तर आलं.

मी पुण्यात नोकरीला असतो. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा सरांनी बोलावून घेतलं आणि वह्यांचा गठ्ठा समोर ठेवला. "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? हे आत घाल." मला वाटलं स्कॅन करायचं, दुपारभराचं काम. पण दोन वह्या वेगळ्या निघाल्या. त्यात वडिलांनी वाजवलेल्या वरातीच्या चाली होत्या, सरांनी वडिलांसमोर बसून उतरवलेल्या, अर्ध्या सारेगममध्ये आणि अर्ध्या रेघांवर. काही जागी नुसती वेलांटीसारखी खूण. ती खूण म्हणजे काय, हे सरांशिवाय कुणालाच वाचता येणार नाही. आणि सरांचे पुढचे दात गेलेत, क्लॅरिनेट आता धरता येत नाही. म्हणून ते गाऊन दाखवतात, मी फोनवर रेकॉर्ड करतो आणि मग लॅपटॉपवर नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो.

मुख्य गोष्ट मात्र सुरांच्या वर लिहिलेली आहे. एका चालीवर बारीक अक्षरात, 'लहेरीपुरा दरवाजा, इथे ढोल बंद.' पुढे 'मांडवी, फक्त क्लॅरिनेट.' आणखी पुढे 'पोळीचं तोंड, जोरात.' मी विचारलं तर सर म्हणाले, "अरे, कमानीखाली ढोल वाजवला की आवाज घुमतो, सुराचा पत्ता लागत नाही. मांडवीला चारी बाजूंनी कमानी, तिथे बाप एकटा वाजवायचा. आणि पोळीत वळलं की नवरीकडच्यांना कळायला हवं ना, आलो म्हणून." म्हणजे चाल सिनेमातली, पण तिचा आवाज कुठे वाढवायचा आणि कुठे कमी करायचा ते गावाच्या वेशींनी ठरवलेलं. हे कुठल्या पुस्तकात मिळालं असतं, मला सुचत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये अशा मजकुराला जागा नाही. म्हणजे आहे, पण ती गाण्याच्या शब्दांची. मी दरवाजांची नावं तिथे टाकली. सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि ते चाललं म्हणाले. एका चालीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. ती वडील परतताना, वरात संपल्यावर, कोट काढून खांद्यावर टाकून वाजवायचे. वहीत तिचं एकच पान आहे, खाडाखोडीने भरलेलं. सरांनी ती मला तीनदा गाऊन दाखवली आणि तिन्ही वेळा वेगळी. मी म्हटलं, तिन्ही लिहून ठेवू या. सर म्हणाले, "मौलाबक्षांनी काय केलं असतं रे?" मग स्वतःच बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "रेकॉर्डिंग राहू दे. लिहायचं मग बघू."

आतापर्यंत 11 चाली झाल्यात, 23 बाकी आहेत. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्रीची ट्रेन पकडतो. मागच्या वेळी निघताना सरांनी लायब्ररीतून उतरवलेली चार पानं दिली आणि विचारलं, पुण्यात जुना बिगुल कुठे मिळेल. शेजारची दोन पोरं रविवारी त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात म्हणे. सध्या नुसत्या काठ्यांनी पाटावर वाजवतात, उजवा-डावा-उजवा-उजवा.