बाजारात तुरी

"तूरला चाललोय," असे मी घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "डाळीसाठी इतक्या लांब?"

तिचा दोष नव्हता. कचेरीने मला २०२४ च्या सप्टेंबरात दहा आठवडे फ्रेंच शिकायला पाठवायचे ठरवले, तोपर्यंत फ्रान्समध्ये तूर नावाचे शहर आहे हे मलाही ठाऊक नव्हते. पॅरिसच्या नैर्ऋत्येला, ल्वार आणि शेर या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीवर ते वसले आहे. कादंबरीकार बाल्झाक १७९९ साली इथेच जन्मला. आपल्याकडे पुणेकरांच्या मराठीची जी ऐट, ती तिकडे तूरकरांच्या फ्रेंचची. फरक इतकाच, की तूरकर तुमची चूक हसत हसत सुधारतात.

गावात शिरतानाच पहिला धडा मिळतो. पॅरिसहून येणारी बहुतेक वेगवान गाडी थेट तूरमध्ये येतच नाही. ती शेजारच्या सें-पिएर-दे-कोर या स्थानकात थांबते. तिथे सामान उचलायचे, फलाट बदलायचा आणि छोट्या गाडीत बसायचे. पाच-सात मिनिटांत तूर. माझी पहिली छोटी गाडी चुकली. पुढची लगेच मिळाली. ही क्षुल्लक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

मी एका सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. सगळे त्यांना मादाम म्हणत, मीही म्हणू लागलो. सकाळी वर्ग, दुपारी भटकंती, रात्री मादामच्या टेबलावर सूप आणि माझ्या व्याकरणाची शस्त्रक्रिया, असा दिनक्रम होता.

सहाव्या आठवड्यात वर्गातल्या बाईंनी फळ्यावर लिहिले : 'फ्युतूर आंतेरियर'. म्हणजे पूर्ण भविष्यकाळ. जे काम अजून झालेलेच नाही, ते पुढे केव्हातरी झालेले असेल, असे आजच सांगायचे! मला पहिल्यांदा आठवली ती आपली म्हण. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. बाजारातल्या तुरी अजून घरात आलेल्या नाहीत, पण भटाच्या मनात त्या आणून, शिजवून, वाढूनही झाल्या आहेत. या काळासाठी याहून योग्य गाव सापडले नसते.

रचना तशी सोपी. 'आव्हुआर' म्हणजे जवळ असणे, आणि 'एत्र' म्हणजे असणे. या दोहोंपैकी एका क्रियापदाचा साधा भविष्यकाळ घ्यायचा आणि त्याला मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक रूप जोडायचे. झोरे, त्यू ओरा, इल ओरा, नू झोरों, वू झोरे, इल झोरों, ही आव्हुआरची रूपे. 'झोरे फिनी' म्हणजे माझे संपलेले असेल. जाणे, येणे, निघणे, पोचणे, जन्मणे, मरणे अशा थोड्या क्रियापदांना मात्र एत्र लागते. 'इल सरा पार्ती', तो निघालेला असेल. 'ती' निघालेली असेल तर लिहिताना शेवटी एक जादा अक्षर येते. उच्चारात ते ऐकूही येत नाही.

या लिंगवचनाच्या भानगडीत वर्गातले बाकीचे मेटाकुटीला आले. मी निश्चिंत होतो. 'तो गेला असेल, ती गेली असेल' हे आपल्याला आईच्या मांडीवरच मिळालेले असते. आव्हुआर असले की क्रियापद कर्त्याला विचारत नाही. कर्म आधी आले तर मात्र त्याच्यासारखे वागते. 'झोरे एक्री ला लेत्र', मी पत्र लिहिले असेल. पण 'मी लिहिलेले पत्र' म्हणताना पत्र आधी आले आणि फ्रेंचमध्ये ते स्त्रीलिंगी, म्हणून 'एक्री'चे 'एक्रीत' होते. आपल्याकडे पत्र लिहिले असेल, चिठ्ठी लिहिली असेल. कर्म पुढे असो की मागे, आपण त्याचा मान ठेवतोच.

माझी विकेट पडली ती दुसरीकडे. 'कां', म्हणजे 'जेव्हा', हा शब्द आला आणि गोष्ट पुढची असली, की फ्रेंच माणूस दोन्ही वाक्यांत भविष्यकाळच वापरतो, आणि त्यातले आधीचे काम पूर्ण भविष्यात घालतो. आपण बेधडक म्हणतो, "जेवण झालं की फोन करतो." जेवण अजून चुलीवर आहे आणि आपण ते 'झालं' म्हणून मोकळे! मी तसेच म्हणालो. बाईंनी हसून मान हलवली. मग मी सुधारून सांगितले, "कां झोरे मांझे, झ तेलेफोनरे." माझे जेवलेले असेल तेव्हा मी फोन करीन. बाई म्हणाल्या, "उत्तम! कुणाला?" मी म्हणालो, "आईला. शुक्रवारी."

त्याच दुपारी बाई आम्हांला हत्ती दाखवायला घेऊन गेल्या. इथल्या कलासंग्रहालयाच्या अंगणात १८०४ साली लावलेला देवदाराचा एक प्रचंड वृक्ष आहे, फांद्यांना टेकू दिलेला. त्याच्या समोरच्या कोठारात पेंढा भरलेला एक हत्ती उभा आहे. त्याचे नाव फ्रिट्स. हा बार्नम अँड बेली सर्कशीतला आशियाई हत्ती. १९०२ साली तूरमध्ये तो बिथरला आणि त्याला मारण्यात आले. बाईंनी विचारले, "का बिथरला असावा?" आणि उत्तरे पूर्ण भविष्यकाळातच द्यायची अट घातली.

वर्गातला एक इंग्रज चक्रावला. एकशे बावीस वर्षांपूर्वी मेलेला हत्ती भविष्यकाळात कसा बिथरेल? बाई म्हणाल्या, घडून गेलेल्या गोष्टीचा तर्क करायलाही आम्ही हाच काळ वापरतो. मी हात वर केला. "इल ओरा यू पर." तो घाबरला असेल. मराठीतही अगदी असेच आहे, असे मी सांगितल्यावर बाईंनी मला फळा नसल्यामुळे वहीत ते लिहायला लावले. 'घाबरला', झालेली गोष्ट. 'असेल', भविष्य. गोष्ट मागची आहे. तिची खात्री मात्र अजून पुढे कुठेतरी आहे, म्हणून भविष्यकाळ. त्या दिवशी मी मराठीचा वकील झाल्यासारखा छाती काढून घरी आलो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आले १ नोव्हेंबरला, आणि तोच तिकडचा तूसें, सर्व संतांचा दिवस. त्या दिवशी फ्रेंच माणसे घरच्या मृतांच्या थडग्यांवर फुले वाहतात. मला हे ठाऊक नव्हते. बाजारात शेवंतीच शेवंती दिसली तेव्हा मला भरून आले, आणि पूजेसाठी मी पिवळ्या शेवंतीची कुंडी घेऊन घरी आलो. मादाम कुंडीकडे बघतच राहिल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यासाठी? किती आठवणीने आणलीत!" फ्रान्समध्ये शेवंती ही स्मशानाची फुले. मी काहीच बोललो नाही. लक्ष्मीला एक फूल पुरले.

आईशी ठरले होते ते असे : ठाण्याला साडेसहाला पूजा, तेव्हा तूरमध्ये दुपारचे दोन. घड्याळे मागे गेल्यामुळे आता साडेचार तासांचे अंतर होते. "जेवण झालं की फोन करतो," मी सांगितले होते.

मादामचा मुलगा पॅरिसहून जेवायला यायचा होता. जेवून सगळ्यांनी मिळून स्मशानात जायचे होते. टेबलावर तीन ताटल्या मांडल्या होत्या. साडेबारा झाले, एक झाला, दोन झाले. मादाम मधूनमधून भट्टीत डोकावत आणि म्हणत, "इल ओरा राते सा कोरेस्पोंदांस." त्याची पुढची गाडी चुकली असेल. मी सें-पिएर-दे-कोरला गाडी चुकवलेला माणूस. तिथे ताटकळून ताटकळून माणूस किती ताटकळतो हे मला ठाऊक होते. मादामना तर पन्नास वर्षे ठाऊक असणार. दोघेही ते बोललो नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "फोन घरी विसरला असेल." तोही पूर्ण भविष्यकाळच.

तीनला आम्ही दोघेच जेवलो. मग बाई एकट्या कशा जातील, म्हणून कुंडी उचलून मीही निघालो. स्मशान रंगीबेरंगी झाले होते, आपल्या फुलबाजारासारखे. मादामनी दगड पुसला, कुंडी ठेवली, वाळकी पाने खुडली. परतताना कॅथीड्रलपाशी थांबलो. बाराव्या शतकात सुरू झालेले हे काम १५४७ साली शेवटचा मनोरा उभा राहून पुरे झाले. मादाम म्हणाल्या, "इल ओरा फालू..." हिशेब मांडताना हा काळ असाही येतो, एवढी वर्षे लागलेली असतील, म्हणजे अखेर लागली. "ज्यांनी पाया घातला त्यांनी मनोरा पाहिला नाही," त्या म्हणाल्या, "तरी दगड सरळ लावला."

तेव्हा घड्याळात साडेपाच वाजले होते, आणि मला दोन वाजताचा फोन आठवला.

ठाण्यात रात्रीचे दहा. फोन बहिणीने उचलला. "दादा, आहेस कुठे? आईनं तीनदा आरती थांबवली. सारखी म्हणत होती, कामात अडकला असेल, अजून जेवला नसेल, फोनमधली बॅटरी संपली असेल..."

मी रस्त्यात उभा राहून ऐकत होतो. वर्गात शिकलेली सगळी रूपे, एकही चूक नाही. निघणाऱ्याच्या तोंडी हा काळ वचनाचा असतो आणि वाट पाहणाऱ्याच्या तोंडी तोच क्षमेचा होतो, हे बाईंनी शिकवले नव्हते.

आई फोनवर आली. "जेवलास?" एवढेच विचारले. रागावली असती तर बरे वाटले असते.

त्या रात्री मादामनी तिसरी ताटली धुतली नाही. ती कोरडीच होती. नुसती कपाटात ठेवली. मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मादाम खूप वेळ हसून बोलल्या. गाडीचे काय झाले, ते त्यांनी त्याला विचारल्याचे मला तरी ऐकू आले नाही.

नोव्हेंबरात मी निघालो तेव्हा मादाम स्थानकावर आल्या होत्या. "कां वू सरे आरिवे," त्या म्हणाल्या, तुम्ही पोचलेले असाल तेव्हा, आणि बोटांनी फोनची खूण केली. फ्रेंच व्याकरणाप्रमाणे एक फोन पुरला असता. मी सें-पिएर-दे-कोरहून केला, पॅरिसच्या विमानतळावरून केला, आणि ठाण्याला दारात चपला काढता काढता केला. आई बाहेर येऊन म्हणाली, "आत तर ये आधी. कुणाला फोन?"

"एक बाई वाट बघत असतील," मी म्हणालो.