मिदी कालव्याच्या कांठानें

तुलूझ शहर सोडून आम्ही उभयतां सायकलींवर मिदी कालव्याच्या कांठानें निघालों. नोरूझच्या उंचवट्यापर्यंत वाट गुळगुळीत. पुढें खडी आणि झाडांच्या मुळ्या. डोंगरांतून आणलेलें पाणी याच उंचवट्यावर दुभंगतें. एक ओघ अटलांटिकाच्या दिशेनें जातो, दुसरा भूमध्य समुद्राकडे. रिके यानें १६६६ सालीं आरंभिलेला हा २४० किलोमीटरांचा कालवा १६८१ सालीं पुरा झाला. तें पाहावयास तो बिचारा उरला नव्हता.

कांठच्या चिनार-जातीच्या वृक्षांत २००६ सालीं बुरशीचा रोग आढळला आणि पुढें हजारों झाडें तोडावीं लागलीं. अशाच एका बोडक्या टप्प्यांत, भर दुपारीं, आमच्या मंडळींना भोवळ आली. पहांटेस निघूं या, हें त्यांचें म्हणणें आम्हींच हसण्यावारी नेलें होतें! जलद्वाराजवळच्या एका म्हातारीनें पाणी दिलें. उन्हें कलेपर्यंत आम्ही तिच्या दारांत बसून राहिलों. समोर नव्या रोपांना आळीं केलेलीं दिसत होतीं.