पानिपतला एक दिवस

परीक्षेत मुलगा गडगडला किंवा निवडणुकीत पक्ष आपटला, की आपण सहज म्हणून जातो, ‘‘पानिपत झालं!’’ पण पानिपत नावाचं एक गाव आहे, तिथं माणसं संसार करतात, दुकानं थाटतात, लोणची घालतात, हे कुठं आपल्या ध्यानात असतं?

दिवाळीच्या सुटीत दिल्लीला वन्संकडे गेलो होतो, तेव्हा मी पानिपतचा बेत काढला. वन्सं हसल्या. ‘‘वहिनी, तिथं बघण्यासारखं काय आहे? सतरंज्या घ्यायच्या असतील तर येते बाई!’’

दिल्लीपासून उत्तरेला साधारण 90 किलोमीटर. सकाळी लवकर निघालं तर दिवेलागणीच्या सुमारास परत येता येतं.

पानिपत जवळ आलं तरी जमीन सपाटच. डोंगर, खिंड, किल्ला बघायची सवय आपल्या डोळ्यांना. इथं साधा आडोसाही नाही. वायव्येकडून दिल्लीवर चालून येणाऱ्याची वाट हीच, म्हणून तीन लढाया याच भागात झाल्या. 1526 मध्ये बाबरानं इब्राहिम लोदीला हरवलं, 1556 मध्ये अकबराच्या सैन्यानं हेमूला, आणि 14 जानेवारी 1761 ला अब्दालीनं आपल्या मराठ्यांना. लोदीची कबर गावातच आहे. विटांचा एक साधा चौथरा. दिल्लीच्या सुलतानाची ही शेवटची जागा!

तिथून रिक्षानं ‘काला अंब’ला गेलो. गावापासून सात-आठ किलोमीटर. इथल्या आंब्याची पानं रक्तानं काळवंडली, अशी दंतकथा. ते झाड आता नाही. बागेत स्मृतिस्तंभ आहे. दर 14 जानेवारीला मराठी माणसं इथं मानवंदनेला जमतात.

‘हे’ मुलांना सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, जनकोजी शिंदे सांगत होते. माझ्या मनात मात्र बायका होत्या. फौजेबरोबर सरदारांची कुटुंबं होती, उत्तरेतली तीर्थं करायला मिळतील म्हणून निघालेल्या यात्रेकरू बायाबापड्या होत्या. नोव्हेंबर 1760 पासून सगळे इथं अडकून पडले. रसद तुटली. दोन-अडीच महिने! आपल्या घरातला गॅस एक दिवस संपला तर आपला जीव वरखाली होतो. थंडीच्या कडाक्यात, पदरी लेकरं घेऊन, त्यांनी काय शिजवलं असेल? लढाईनंतर कितीतरी बायकामुलं गुलाम म्हणून नेली गेली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई वाचून परत आल्या आणि त्यांनी अखेरपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही, असं सांगतात. त्यांचं निदान नाव उरलं. बाकीच्यांचा हिशेब आपण ‘लाख बांगडी फुटली’ एवढ्या तीन शब्दांत मिटवला.

दुपारी गावात आलो आणि कानठळ्याच बसल्या! रिक्षा, हातगाड्या, तळणाचा वास, दुकानांतून छतापर्यंत रचलेल्या चादरी आणि घोंगड्या. गर्दीतून वाट काढत बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्यात गेलो. सगळ्या धर्मांची माणसं इथं नवस बोलायला येतात. याच आवारात उर्दू कवी हाली यांची कबर आहे. ते पानिपतचेच. मुलींनी शिकावं म्हणून त्यांनी 1874 मध्ये ‘मजालिस-उन-निसा’ हे पुस्तक लिहिलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे तिथं हात आपोआप जोडले गेले. पुढे तळ्याकाठी देवीचं देऊळ आहे. लढाईनंतर इथंच राहिलेल्या एका मराठ्यानं ते बांधलं, असं मानतात. देवीची ओटी भरताना घरच्यासारखं वाटलं.

सतरंजीच्या दुकानातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘‘आमचे वडील फाळणीत नेसत्या कपड्यांनिशी आले, बहेनजी.’’ 1947 मध्ये इथले कितीतरी मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले आणि तिकडून उजाडून आलेल्यांनी हातमाग धरले. आज परदेशातले जुने लोकरी कपडेसुद्धा इथं येतात, त्यांचं पिंजून सूत होतं आणि त्या सुताची स्वस्त घोंगडी. चिंध्यांतून ऊब काढणारं गाव हे! इथलं प्रसिद्ध पचरंगा लोणचंही फाळणीत आलेल्यांनीच रुजवलं. त्याला मोहरीचं तेल असतं, आपल्या जिभेला जरा उग्र लागतं. बरणी घेण्याआधी चाखून पाहा.

दिल्लीला जाल तेव्हा एक दिवस पानिपतसाठी ठेवा. थंडीत पहाटे धुकं फार, तेव्हा मुलांना स्वेटर हवाच. आधी काला अंब करा, बाजार शेवटी. ओझं वागवावं लागत नाही. स्तंभापाशी फुलं वाहाल, तेव्हा दोन फुलं त्या बिननावाच्या बायकांसाठीही वाहा. आणि ‘पानिपत झालं’ म्हणताना जरा थांबा. उजाडल्यावर पुन्हा माग लावायचा, लोणचं घालायचं, चूल पेटवायची, हेही पानिपतच आहे.