दाईने दिलेली आठवण

पॅरिसमधला शाँझेलिझेचा रुंद रस्ता. बाबागाडीत पट्ट्याने बांधलेलं लहान मूल, त्याला पळवायला झेपावलेला माणूस, मध्ये आडवी आलेली दाई. तिच्या चेहऱ्यावरचे ओरखडे. मग गर्दी, पांढरा दंडुका घेतलेला पोलीस, आणि धूम ठोकणारा तो माणूस.

मुलांची बुद्धी कशी उमलते याचा आयुष्यभर शोध घेणाऱ्या झाँ पियाजे यांची ही वयाच्या दुसऱ्या वर्षातली आठवण. ते पंधरा वर्षांचे असताना त्या दाईचं घरी पत्र आलं. ती साल्व्हेशन आर्मीत गेली होती, जुनी पापं कबूल करायची होती. हल्ला झालाच नव्हता, ओरखडेही बनावट. बक्षीस मिळालेलं घड्याळ तिने परत केलं.

दृश्य मात्र गेलं नाही. सगळं ठाऊक असूनही पियाजे लिहितात, मला ते अजून दिसतं. कुठे घडलं तेही सांगतात: मेट्रो स्टेशनाजवळ. मी इथे दर वेळी थबकते. पियाजे जन्मले १८९६ मध्ये आणि पॅरिसची मेट्रो धावू लागली १९०० साली! नसलेलं स्टेशन त्या चित्रात केव्हा येऊन उभं राहिलं असेल? घरी ती गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली असेल, आणि गोधडीला ठिगळ जोडावं तसं प्रत्येक वेळी काहीतरी जोडलं गेलं असेल.

आठवताना मेंदू गोष्ट नव्याने रचतो. २०१३ मध्ये सुसुमू तोनेगावांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या, एका पेटीची आठवण धरलेल्या पेशी प्रकाशाने जाग्या केल्या आणि त्याच वेळी, दुसऱ्याच पेटीत, त्याच्या पायांना विजेचा झटका दिला. पुढे पहिल्या पेटीत ठेवताच तो भीतीने थिजला. तिथे त्याला कधीच काही झालं नव्हतं. भीती मात्र खरी होती.

थाप मारणाऱ्या दाईला खरं आणि खोटं, दोन्ही सांभाळावं लागलं. मुलापाशी एकच होतं. पत्र आलं नसतं, तर पियाजेंनी ते शपथेवर सांगितलं असतं, अगदी निर्मळ मनाने.

या निर्मळपणाचीच मला धास्ती वाटते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रोनाल्ड कॉटनला १९८४ च्या बलात्कारासाठी शिक्षा झाली, ती पीडितेने त्याला खात्रीने ओळखल्यामुळे. ती खोटं बोलत नव्हती. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला, तोवर त्याची दहा वर्षं तुरुंगात गेली होती.