दुपटीच्या बोलीवर

राहीबाई पोपेरे मला ओळखत नाहीत. त्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, सह्याद्रीच्या डोंगरातल्या. मी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याची, त्याच जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. त्यांच्या बियाणे बँकेतला एक दाणाही माझ्या रानात पडलेला नाही. तरी माझ्या घरातल्या बियांचं देणं मी त्यांचंच मानते.

राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. नातू आजारी पडला तेव्हा फवारलेल्या भाजीपाल्यावरून त्यांचं मन उडालं आणि त्या गावरान बी जमवायला लागल्या. पुढे बाएफ संस्थेची साथ मिळाली. भात, वाल, नाचणी, वरई करत चाळीसहून अधिक वाण त्यांनी आपल्या बियाणे बँकेत राखले आणि बायकांच्या हाती दिले. बी न्यायचं ते एकाच बोलीवर: हंगामानंतर दुप्पट परत. २०२०ची पद्मश्री त्यांना मिळाली. तो सोहळा टीव्हीवर बघताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्याकडं पण उतरंडीला हे सगळं असायचं की!"

माझं शिक्षण तिथून सुरू झालं. सासूबाई सांगत गेल्या आणि मी करत गेले. ज्वारीचं बी मळणीच्या ढिगातून घ्यायचं नाही, उभ्या पिकातून घ्यायचं. बांधालगतच्या ओळी सोडायच्या, कारण तिथं शेजारच्या वाणाचा पराग येतो. रानाच्या मधलं, टपोरं, बुडापासून शेंड्यापर्यंत सारखं भरलेलं, काणी न लागलेलं कणीस बघून त्याला चिंधी बांधायची. मटकी आणि हुलगा कडक उन्हात वाळवून राखेत घोळायचा, मडक्यात भरायचा आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. पहिल्यांदा मडकं फोडलं तेव्हा एकाही दाण्याला भोक नव्हतं. सासूबाईंनी दाणे तळहातावर पसरून पुन्हा पुन्हा बघितले.

कोंभाळण्याचं बी इथं आणून भागणार नाही, हे मला लवकर उमगलं. तिकडं धो धो पाऊस, इकडं बालाघाटाचा अवर्षणाचा पट्टा. वरईचं इथं काय करायचं? आम्हाला आमची मालदांडी, तूर, करडई, मटकीच हवी. राहीबाईंकडून घ्यायची ती त्यांची हिंमत, आणि आपल्या मातीतलं बी आपणच शोधायची रीत.

घरात आधी बियाण्याचा निर्णय पुरुषांचा असायचा. दुकानातून पिशवी यायची, बहुतेक वेळा उधारीवर. संकरित वाणाचं घरचं बी पेरलं तर पुढच्या साली पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरसाल पुन्हा दुकान. आता बचत गटात बायका विचारतात, यंदा तुरीचं बी कुणाकडं आहे? २००१च्या कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी राखायचा, पेरायचा, द्यायघ्यायचा हक्क दिलेला आहे, हेही आम्ही तिथंच एकमेकींना वाचून दाखवलं. फक्त ब्रँडच्या नावाखाली ते विकता येत नाही.

बायकांनी बियाण्याचं बघावं, यात जामखेड तालुक्याला खरं तर नवल वाटायला नको. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये इथं काम सुरू केलं, पुढे अक्षरओळख नसलेल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं आणि गावांनी त्यांच्यावर भरवसा टाकला. बाईच्या हातातल्या ज्ञानाला मान द्यायचा हे आमच्या तालुक्याला तेव्हापासून ठाऊक आहे. शेतीत मात्र तो मान द्यायला फार उशीर झाला, याचं मला वाईट वाटतं.

राहीबाईंना मी काही परत देऊ शकत नाही. बी देताना त्यांची बोली पाळते, एवढंच. मटकी आता गल्लीतल्या बऱ्याच घरांत पोचली आहे, करडईही सापडली. जुना जवस मात्र अजून मिळालेला नाही. सासूबाई त्याच्या चटणीची आठवण काढतात. खर्ड्याच्या आसपास, बालाघाटाच्या वाड्यावस्त्यांवर कुणाच्या मडक्यात तो उरला असेल, तर मला मूठभर द्यावा. सुगीनंतर दुप्पट आणून देईन.