घंटेचा दिवा

आईला दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली, तेव्हा घंटेबरोबर दिवा लुकलुकवणारे यंत्र घरीच करावे, असे आम्ही ठरवले. पेशाने आम्ही साहित्याचे मास्तर. पण हौसेला मोल नसते.

आर्डुइनो उनो नावाचा बोर्ड आणला. त्यावरील एटीमेगा३२८पी या चिपची रॅम अवघी २०४८ बाइटची. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट अडवते. म्हणजे हा चिमुकला लेखदेखील तीत मावायचा नाही! अशा जागी बसून प्रोग्रॅम रचणे सहसा सोयीचे नसते. तो संगणकावर लिहायचा, एव्हीआर-जीसीसी या क्रॉस कंपायलरने चिपच्या यंत्रभाषेत उतरवायचा आणि केबलमधून तिकडे धाडायचा. गंमत अशी, की ज्या प्रोसेसरवर हे रूपांतर घडते, त्याला स्वतःला ते चालवता येत नाही. अनुवादक निदान आपला अनुवाद वाचू तरी शकतो.

मांडामांड तासाभराची; गेल्या दोन संध्याकाळी. बोर्डावर वीज खेळत होती, संगणकाला मात्र तो दिसेना. उबुंटूत स्वतःला ‘डायलआउट’ गटात घालून घेतले, सारे पुन्हा बसवले. दोष निघाला केबलमध्ये. ती नुसती चार्जिंगची, डेटाच्या तारा नसलेली. त्या दोन संध्याकाळी आम्ही आईशी धड बोललोही नव्हतो. हे तिनेच दाखवून दिले.

अखेर १३व्या पिनचा दिवा लुकलुकला. घंटेची तार जोडायची अजून बाकीच होती. आईला हाक मारली, मग खांद्याला हात लावून बोलावले. दिवा पाहताच ती दार उघडायला निघाली.