नेसरीचं गावरान सॅलड

लंच अवरला लेट्यूसचा बाऊल पुढ्यात ओढणाऱ्या तमाम हेल्थ-कॉन्शस मंडळींनो, या लेट्यूसची एक गावरान चुलतबहीण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही राहते. नाव पाथरी. दोघींचं कूळ एकच. पान तोडलं की दोघींच्याही देठातून पांढरा चीक येतो.

मला ती भेटली नेसरीत. गडहिंग्लजहून चंदगडच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. २४ फेब्रुवारी १६७४ला सरनौबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते इथेच. स्मारकापुढे हात जोडून, फोटो काढून बहुतेक गाड्या माघारी वळतात. मी दुपारच्या भाकरीपर्यंत थांबलो.

शेजारच्या रानात भांगलण चालली होती. खुरपी सपासप चालत होती आणि तण बांधावर पडत होतं. पाथरीची कोवळी पानं मात्र अलगद ओट्यात जात होती. ‘‘पावणं, ह्ये तण न्हवं, भाजी हाय. कच्चीच खायाची,’’ एका मावशींनी ज्ञान दिलं.

मग बांधावरच पंगत. ज्वारीची भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि धुतलेली पाथरी. पहिला घास किंचित कडू. चटणीतल्या शेंगदाण्यानं तो कडूपणा निवतो, कांदा त्याला गोडवा देतो. ड्रेसिंग वगैरेची गरजच नाही, बॉस!

पण हा मेन्यू आता धोक्यात आहे. खुरपं धरणाऱ्या हाताला तण आणि भाजी यातला फरक कळतो, फवारणीच्या पंपाला तो कळत नाही. रुंद पानांचं तण मारणारं औषध ऊस-ज्वारीला हात लावत नाही, पाथरीला मात्र जाळून टाकतं. भांगलणीला माणसं मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचणही खरीच. म्हणूनच रानातली पाथरी खायची, तर फवारणी झाली नाही ना, हे आधी विचारा.

दुसरा उपाय आपल्या बाल्कनीत आहे. पाथरीची पिवळी फुलं सुकली की पांढऱ्या म्हाताऱ्या उडतात, त्यांनाच बी असतं. मूळ खोल जातं, म्हणून कुंडी खोल घ्या. बी भुरभुरून वर मातीचा पातळ थर द्या. कडेनं मेथी पेरा, मधे दोन-चार कांदे खोचा. मेथी महिनाभरात काढून होते आणि पाथरीला पसरायला जागा मिळते. पानं फुलं यायच्या आत तोडा, नंतर ती जून आणि कडू होतात. बुडखा तेवढा शाबूत ठेवा, पुन्हा फुटवे येतात.

पुढच्या वीकएंडला नेसरीला गेलात, तर स्मारक बघाच. पण निघताना कुणा मावशींकडून मूठभर म्हाताऱ्या कागदात बांधून आणा. खुरप्यानं जपलेली ही भाजी आता आपल्या कुंडीतही जगायला हवी.